वईवरचा थोर

गेल्या वैशाखात पेडण्याच्या आमच्या मूळ घरी जाणे झाले ते एका कागदापायी. घराच्या पूर्वेला सड्याकडे चढत जाणारी काजूची भरड आहे. शेजाऱ्याने तिच्या कडेला गडगा घालायला काढला आणि त्यासाठी यंत्र आणून जुनी वई एका दुपारी उपटून टाकली. झाले, आमच्या चुलतभावाचा डिचोलीला फोन. 'भाऊ, तू इतिहासाचो मास्तर. मोडी वाचतंस. कागद घेवन यो.'

कागद दोन होते. पहिला शके १७९० चा, म्हणजे इसवी सन १८६८ चा, मोडीतला. दुसरा त्याचीच पोर्तुगीज अमदानीत नोंदवलेली प्रत, साठ-सत्तर वर्षांनंतरची. मोडी कागदात पूर्वेची हद्द 'उत्तरेस शेराच्या झाडापावेतो थोराची वई' अशी होती. पोर्तुगीज प्रतीत शेराचे झाड नाहीसे झाले होते आणि थोराच्या जागी 'काक्तुश' आला होता. काक्तुश म्हणजे कॅक्टस.

जमिनीवर पाहावे तर तिथे दोन्ही होते. आमच्या बाजूला एका रेषेत थोराचे उपटलेले बुंधे, दूध सुकून काळे पडलेले. आणि त्यापुढे आठ हात पलीकडे, शेजाऱ्याच्या काजूंत, फड्या निवडुंगाचे एक जाळे. हद्द थोराची धरली तर ते आठ हात शेजाऱ्याचे आणि कॅक्टसची धरली तर आमचे. सड्याच्या कातळावरचे आठ हात! एके काळी ते कोणी फुकट घेतले नसते. पण मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२३ च्या जानेवारीपासून, पेडण्यात हाताला हात लावून जमीन मोजली जाते.

चुलतभावाचा मुद्दा सरळ होता. सरकारी कागद कॅक्टस म्हणतो, कॅक्टस म्हणजे निवडुंग, आणि निवडुंग तर तो बघ, तिथे उभा आहे. थोर काय आणि निवडुंग काय, एकच. मी मान हलवली. कारण तीस वर्षे वर्गात मीही तेच सांगत आलो होतो. पोर्तुगीजांनी काय काय आणले हे मुलांकडून घोकून घेताना काजू, अननस, पपई, पेरू, मिरची, तंबाखू आणि शेवटी 'निवडुंग' असे म्हणायचे, हा आमचा पाठ. त्या रात्री ओटीवर आडवा झालो आणि प्रथमच मनात आले की, ज्या स्नुहीवर चरकाने कल्पस्थानात एक अख्खा अध्याय खर्ची घातला ती पोर्तुगीजांनी कशी आणली असेल?

स्नुही, सुधा, महावृक्ष, वज्री ही सारी आपल्या थोराची संस्कृत नावे. वज्री म्हणून पूर्वी घरावर वीज पडू नये यासाठी त्याची कुंडी छपरावर ठेवीत. बंगालात हेच झाड मनसादेवीचे म्हणून पुजले जाते. भगंदरावर जे क्षारसूत्र बांधतात, त्या दोऱ्यावर याच्याच चिकाची पुटे चढवलेली असतात. एकंदर २१ पुटे, त्यांतली पहिली ११ निव्वळ चिकाची. सुश्रुताने सांगितलेला हा दोरा बनारस हिंदू विद्यापीठातल्या वैद्यांनी १९६० नंतर पुन्हा वापरात आणला. ही वनस्पती इथली आहे, आणि वास्को द गामाची नौका कालिकतला लागली त्याच्या दीड हजार वर्षे आधीपासून इथल्या वैद्यांच्या हाताखाली आहे.

कॅक्टसाचे घराणे अगदी वेगळे. तो सगळा अमेरिका खंडाचा. आफ्रिका आणि श्रीलंकेत झाडांवर लोंबणारी एक जात तेवढी आपोआप उगवते, बाकी एकूण एक पलीकडची. वाचकांपैकी पुष्कळांच्या व्हरांड्यात एका रात्रीसाठी उमलणारे 'ब्रह्मकमळ' असेल आणि फूल उमलले की शेजारीपाजारी बोलावून हळदकुंकू वाहण्याचीही रीत असेल. तेही मेक्सिकोकडचे कॅक्टस आहे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ हे सूर्यफुलाच्या कुळातले, त्याचा याच्याशी संबंध नाही. हल्ली सोलापूर-सांगलीकडे जे ड्रॅगन फ्रूट पिकवतात आणि गुजरात सरकारने २०२१ मध्ये ज्याचे 'कमलम्' असे बारसे केले, तेही कॅक्टसच. आपल्याकडे नाव चिकटायला वेळ लागत नाही.

मग दोघांचा घोटाळा का होतो? दोघांचे रूप एक म्हणून. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि इक्वेडोर देशांत अँडीज पर्वताच्या उतारांवर, दोन-तीन हजार मीटर उंचीवर, कोरडी झुडपाळ राने आहेत. तिथे खांबासारखा सरळ वाढणारा, पन्हळी अंगाचा एक कॅक्टस उगवतो. स्पॅनिश लोकांनी त्याला 'सान पेद्रो' म्हटले, म्हणजे स्वर्गाच्या किल्ल्या ज्याच्या हाती तो संत पीटर. त्याच्या रसाने माणसाला दृष्टान्त होतात. पेरूमधल्या चाविन दे वान्तार या अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या देवस्थानात एका शिळेवर दैवी पुरुष कोरला आहे आणि त्याच्या मुठीत हाच खांब आहे. तिथले शेतकरी त्याच्या फांद्या तोडून बांधावर रोवतात, त्या जगतात आणि कुंपण तयार होते. हे वाचताना मला आमच्या आजोबांचा कोयता आठवला. तेही मिरगाआधी थोराच्या कांड्या तोडून चार दिवस सावलीत सुकवीत आणि वईला लावीत. दोन जगांतली दोन झाडे, नाते काही नाही. पण दोघांनाही पाणी साठवायचे, उन्हाला पाने दाखवायची नाहीत आणि गुराच्या तोंडातून वाचायचे. गरज सारखी, म्हणून देह सारखा झाला. आमचा सडाही जांभ्याचा. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने तापलेला तवा. त्यावर मातीचा थर तो किती, वीतभर!

ओळख पटवायची तर मात्र सोपी आहे. थोराला खरवडले की पांढरे दूध येते (डोळ्यांत जाऊ देऊ नये, वई तोडताना एक थेंब उडून आमचे एक काका आठवडाभर आंधळे होऊन बसले होते). कॅक्टसाला दूध येत नाही, बुळबुळीत पाणी येते. थोराचे काटे जोडीने असतात. कॅक्टसाचे काटे लवेच्या एका बारीकशा गादीतून झुबक्याने निघतात. थोराचे फूल दिसेल न दिसेल एवढे, कॅक्टसाचे डोळ्यांत भरणारे. गुराख्याच्या पोराला जे कळते ते पोर्तुगीज लेखनिकाला कळले नाही, एवढाच याचा अर्थ.

त्याला तरी का दोष द्यावा? 'कॅक्टस' हा शब्दच मुळी उसना. ग्रीक लोक सिसिलीतल्या एका काटेरी भाजीला तो वापरीत. लिनियसने १७५३ मध्ये तो अमेरिकेच्या झाडांना दिला. भारतातल्या वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणवला जाणारा रॉक्सबर्ग तर इथल्या फड्या निवडुंगाला 'कॅक्टस इंडिकस' म्हणजे 'भारतीय कॅक्टस' असे नाव देऊन बसला. तो इतका सगळीकडे माजला होता की परका वाटेना. आपण मराठी लोकांनीही दोघांना 'निवडुंग' या एकाच गोणीत भरले. बेळगाव-खानापूरकडचे वाचक म्हणतील, आमच्या कानडीत तेच. खरे आहे. कळ्ळी हा मूळ थोराचा शब्द, आणि नवा आला त्याला 'पापासकळ्ळी' म्हणून त्याच घरात घेतले.

कळ्ळीवरून आठवले. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापून निघाला. दुसऱ्या खंडात आपले थोर आणि शेर 'कळ्ळी' याच नावाने चित्रांसह आहेत. त्यातला 'तिरुकळ्ळी' म्हणजे आपला शेर, आणि लिनियसने त्याचे शास्त्रीय नाव त्यावरूनच ठेवले. या ग्रंथाला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. गोव्यातून परागंदा झालेल्या घराण्यांतले. त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापले आहे. गोवा सुटला, पण झाडांची नावे त्यांनी सोबत नेली आणि ती ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यापर्यंत पोचली! आमच्या नोंदणी कचेरीत मात्र ती एका पिढीत हरवली.

फड्या निवडुंगाची कथा वेगळी आणि मला विचाराल तर अधिक रंगतदार. त्याच्यावर एक किडा जगतो, त्याला चिरडले की किरमिजी रंग निघतो. स्पेनने मेक्सिकोतून हा रंग विकून अमाप पैसा केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या तोंडाला पाणी सुटले. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसनने किड्यांसाठी निवडुंगाची खास बागच लावली. शेवटी १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाचा एक अधिकारी रिओ द जानेरोहून किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. पण ते किडे खऱ्या जातीचे नव्हते, रंग हलका निघाला. धंदा बुडाला. किड्यांनी मात्र एका जातीचा निवडुंग असा काही फस्त केला की पुढे १८३६ नंतर तो निर्मूलनासाठीच मुद्दाम दक्षिणेत सोडण्यात आला. तण मारण्यासाठी किडा सोडण्याचा जगातला हा पहिला प्रयोग, असे आज शास्त्रज्ञ मानतात. काटेरी फड्याची दुसरी जात तरीही उरली होती. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. देशावरची म्हातारी माणसे गावाबाहेर निवडुंगाची रानेच्या राने होती असे सांगत ती मग कुठे गेली, त्याचे उत्तर हे आहे.

आणि कुंपण म्हणून दोघेही किती कामाला आले! टिपूच्या श्रीरंगपट्टणला १७९२ मध्ये इंग्रज भिडले तेव्हा तटाच्या आधी त्यांना काटेरी वेढा ओलांडावा लागला. त्याहून अचाट गोष्ट मिठाच्या वईची. मीठ चोरून जाऊ नये म्हणून इंग्रजांनी उत्तरेपासून ओरिसाकडे २,३०० मैलांची जकातीची रेषा आखली होती आणि तिच्या बऱ्याच भागात जिवंत वई वाढवली होती. बाभूळ, बोर, करवंद, फड्या निवडुंग आणि थोर. राखणीला सुमारे १२,००० माणसे. पुढे काँग्रेसची स्थापना करणारे ॲलन ह्यूम काही वर्षे या वईचे मुख्य होते. तिचे दक्षिणेचे टोक खानदेशाच्या वेशीवर बऱ्हाणपूरला होते. १८७९ मध्ये ती मोडली, आणि त्याच सुमारास, १८७८ च्या अखेरीस, इंग्रजांनी पोर्तुगीजांशी करार करून गोव्याच्या मिठावर ताबा मिळवला. तो १८९२ पर्यंत चालला. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांवर साहेबाची नजर बसली ती अशी. वई तिकडे मोडली आणि कुलूप इकडे लागले.

आमच्या भागाला हद्दी नव्या नाहीत. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतांकडून त्यांच्या हाती आले. त्यामुळे नव्या काबिजादीतली आमची देवळे राहिली, मराठी राहिली आणि जमिनीचे मोडी कागदही राहिले. सावंतवाडीशी सोयरीक कधी तुटली नाही. डॉ. दालगादो यांनी १८९८ मध्ये लिस्बनला वनस्पतींचे पुस्तक छापले त्याचे नावच 'फ्लोरा दि गोवा इ सावंतवाडी'. झाडांना पत्रादेवीचे ठाणे ठाऊक नव्हते. माणसांना ते ठाऊक करून देण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडला. आमच्या आजीचे माहेर बांद्याचे. त्यानंतर १९६१ च्या डिसेंबरापर्यंत तिला माहेरी जाता आले नाही. वडील वारले ते तिला महिन्यानंतर कळले. ती म्हणे, वय घातली की गुरां अडतत, बातम्योय अडतत.

असो. मुद्द्यावर येतो, कारण मुद्दा अडचणीचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच भरडीत गेलो. चुलतभावाला सांगता आले असते की जुन्या मराठीत थोर म्हणजे कोणताही निवडुंग. अगदीच खोटे ठरले नसते. शब्द तसा ढिला आहे. माझी एम.ए. ची पदवी त्या ढिलेपणावर आठ हात जमीन मिळवून देऊ शकली असती. पण मोडी कागदात शेराचे झाड होते. शेर मरत नाही. तोडला तरी बुडातून फुटतो. उत्तरेच्या टोकाला ओहळाच्या काठी तो मला सापडला, करवंदीत दडलेला, बोटाएवढ्या हिरव्या कांड्यांचा. त्याच्यापाशी उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर थोराचे सारे बुंधे एका ओळीत डोळ्यांसमोर आले. फड्याचे जाळे त्या ओळीच्या बाहेर, एकटे, कुणाच्या तरी गुराने खाऊन टाकलेल्या बीचे असावे तसे.

घरी येऊन मी ते सांगितले. ओटीवर शेजारची वडीलधारी मंडळीही येऊन बसली होती. चुलतभाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'तू आमचो काय तेंचो?' मी म्हटले, कागद जसा आहे तसा वाचला. तो म्हणाला, 'कागद सगळेच वाचतत. आपल्या माणसान वाचूचो कसो, ता शिकवक व्हया काय?'

याचे उत्तर माझ्यापाशी त्या दिवशी नव्हते. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. गोव्यात आम्हा मराठी घरांना 'भायले' हा शब्द अधूनमधून ऐकावा लागतो, आणि दर वेळी आम्ही जुने कागद काढून दाखवतो की, बघा, आम्ही इथलेच. ते कागद इतरांनी नीट वाचावेत अशी आपली अपेक्षा असते. मग शेजाऱ्याचे आठ हात असले की आपणच ते ढिले वाचायचे? पण हे ओटीवर बोलून दाखवण्यासारखे नव्हते. मी चहा घेतला आणि दुपारच्या बसने डिचोलीला आलो.

शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात पोर्तुगीजांचा धडा आला. 'निवडुंग' शब्दापाशी थांबलो आणि मुलांना सांगितले की, मी आजवर चुकीचे शिकवले. फड्या त्यांनी आणलेला असेल, थोर नव्हे. मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, 'सर, मगे पेपरात कितें बरयतलें?' मी सांगितले, दोन्ही लिही, आणि दूध येते की नाही ते लिही. दुसऱ्या दिवशी तीन मुले घरच्या वईवरच्या कांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली. दोघांचे थोर होते. तिसऱ्याने आणलेला खांबासारखा, सरळ, सहा धारांचा. मीही फसलो, तो थोरच म्हणालो. खरवडला तर दूध नाही. त्याच्या मामाने म्हापशाच्या रोपवाटिकेतून कुंडीत आणलेला अमेरिकेचा कॅक्टस होता तो. वर्गाला माझी मजा वाटली. ती कांडी आम्ही शाळेच्या आवारात लावली आहे.

चवथीला चुलतभाऊ घरच्या गणपतीला आला, पण माझ्याशी आरतीपुरतेच बोलला. गडगा शेजाऱ्याने थोराच्या ओळीवरच घातला, एक हातही आत न सरकता. मात्र उपटलेल्या थोराच्या कांड्या त्याच्या आईने फेकू दिल्या नव्हत्या. मिरगाआधी तिने त्या गडग्याला लागून एका ओळीत रोवून घेतल्या होत्या. अकरा लावल्या. पावसात नऊ फुटल्या, माथ्यावर चमच्याएवढी पाने आली. पोर्तुगीज प्रतीत सुटून गेलेल्या त्या शेराला तिने करवंद तोडून मोकळे केले आहे.